कोकण किनाऱ्यावर सोलरची '२५ वर्षे वॉरंटी' : नेमकं काय मिळतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे : गुहागरजवळ समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर स्लॅबचं घर, तीन किलोवॅटची सिस्टीम बसवायची आहे. तीन कोटेशनं आली आहेत. तिन्हींवर '२५ वर्षे वॉरंटी' असं ठळक छापलंय, किमतीत मात्र बराच फरक आहे. वॉरंटी सारखीच असेल तर सगळ्यात स्वस्त का घेऊ नये?

वॉरंटी सारखी नाही म्हणून. आणि ज्या पंचवीस वर्षांच्या भरवशावर तुम्ही तुलना करताय, त्या पंचवीस वर्षांचा तुमच्या घराला फारसा उपयोग होणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सोलर बसवण्या-दुरुस्त करण्याचं काम बरीच वर्षं करतोय. किनाऱ्यावरच्या सिस्टीममध्ये जे बिघडतं, त्यातलं बहुतेक त्या ठळक ओळीच्या बाहेरचं असतं.

आधी ती ओळ सोडवून घेऊ. पंचवीस वर्षांचा शब्द पॅनेलची कंपनी देते आणि तो फक्त वीजनिर्मितीच्या क्षमतेचा असतो. पॅनेल दरवर्षी थोडं थोडं उतरतं, ते ठरलेल्या रेषेच्या खाली उतरणार नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. सध्या चालणाऱ्या 'मोनो पर्क' जातीच्या पॅनेलसाठी साधारण पहिल्या वर्षी दोन ते अडीच टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा टक्का किंवा किंचित जास्त अशी घट धरलेली असते. नव्या 'टॉपकॉन' जातीच्या पॅनेलना पहिल्या वर्षी एक टक्का आणि पुढे ०.४ टक्के अशी रेषा असते, तिथे मुदतही तीस वर्षांची सांगतात.

आता हिशेब करा. ५४० वॅटचं पॅनेल, पहिल्या वर्षी २ टक्के, मग दरवर्षी ०.५५ टक्के घट. दहाव्या वर्षाअखेर कंपनीने कबूल केलेली क्षमता येते ९३.०५ टक्के, म्हणजे सुमारे ५०२ वॅट. ही क्षमता मोजायची ती प्रयोगशाळेच्या ठरलेल्या परिस्थितीत : चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश, सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी छपरावरच्या पॅनेलचं तापमान साठच्या घरात जातं, त्यामुळे सिस्टीमच्या मोबाइल ॲपवर दिसणारा आकडा या तुलनेत धरताच येत नाही. वर मोजणीतली चूकभूल म्हणून साधारण तीन टक्के सोडलेले असतात. म्हणजे पॅनेल ४८७ वॅटच्या खाली गेलंय हे लॅबमध्ये सिद्ध व्हायला हवं. पॅनेल उतरवणं, पॅक करणं, पाठवणं बहुतेक वेळा तुमच्या खर्चाने, आणि दोष निघाला नाही तर तपासणीची फीसुद्धा तुमचीच. समजा सिद्ध झालं, मोजणीत ४८० वॅट आले. बावीस वॅटची तूट. कंपनी तेवढ्या वॅटांची भरपाई देऊ शकते. वॅटला वीस रुपये धरले तरी साडेचारशेच्या आसपास. काचेचं पॅनेल गुहागरहून पुण्याला न फुटता पोचवायला याहून जास्त लागतात.

म्हणून घरगुती ग्राहकाने निव्वळ क्षमतेच्या वॉरंटीवर दावा लावून काही पदरात पाडून घेतल्याचं सहसा ऐकू येत नाही. मोठ्या सोलर पार्कला तिचा अर्थ आहे, त्यांच्याकडे हजारो पॅनेल आणि मोजणीची यंत्रं असतात. तुमच्याकडे सहा पॅनेल असणार.

तुमच्या कामाची वॉरंटी दुसरी आहे. तिला प्रॉडक्ट वॉरंटी म्हणतात आणि ती कोटेशनवर एक तर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. माल आणि बनावटीतले दोष त्यात येतात : काच आणि सेलमधला थर सुटून फुगे येणं, मागची शीट तडकणं, फ्रेमचे सांधे उघडणं, मागचा जंक्शन बॉक्स जळणं. पाणी आत शिरण्याच्या वाटा याच. पावसाळ्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा सोसणाऱ्या पॅनेलमध्ये बिघाड झालाच तर यातूनच सुरू होतो. ही वॉरंटी पुष्कळ कंपन्यांची दहा-बारा वर्षांची असते, काहींची पंधरा, मोजक्यांची पंचवीस. तुमच्या तिन्ही कोटेशनांत हा आकडा काय आहे ते विचारा. बारा आणि पंचवीस यांतला फरक खरा आहे, त्यासाठी थोडे जास्त पैसे दिले तर ते वाया जात नाहीत. मात्र पॅनेल बदलून मिळालं तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही; मूळ मुदतीतलं जे शिल्लक असेल तेवढंच. शिवाय दहा वर्षांनी त्याच मापाचं पॅनेल बाजारात मिळत नाही. काही वर्षांपूर्वी ३३० वॅटची पॅनेलं सर्रास लागत होती, आज ती शोधावी लागतात. बदली पॅनेल मोठं आलं तर स्ट्रक्चरचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं, छिद्र न् छिद्र बदलतं, आणि तो खर्च कुठल्याही वॉरंटीत नसतो.

आता समुद्राकडे येऊ, कारण तुमच्या घराबाबत खरी मेख तिथेच आहे.

वॉरंटीच्या कागदात एक वाक्य हमखास असतं : पॅनेल कंपनीच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलप्रमाणे बसवलेलं असेल तरच ही वॉरंटी लागू. ते मॅन्युअल वेगळं पुस्तक असतं आणि ग्राहकाला कोणी देत नाही. त्यात समुद्रापासूनच्या अंतराची अट असू शकते. काही कंपन्या किनाऱ्याच्या अगदी लगत, उदाहरणार्थ पन्नास मीटरच्या आत, बसवायला मनाई करतात आणि पाचशे मीटरपर्यंत गंजरोधक क्लॅम्प-बोल्ट वापरण्याची अट घालतात. कंपनीगणिक आकडे बदलतात. तुमचं घर तीनशे मीटरवर आहे, म्हणजे तुम्ही नेमके या पट्ट्यात येता. तेव्हा ज्या मॉडेलचं कोटेशन आहे त्याच मॉडेलचं मॅन्युअल पीडीएफमध्ये मागा आणि समुद्र, मीठ, किनारा या संदर्भातलं कलम शोधा. सोबत खाऱ्या हवेच्या चाचणीचं, म्हणजे आयईसी ६१७०१ चं प्रमाणपत्र मागा. या चाचणीत तीव्रतेचे वेगवेगळे स्तर असतात. किनाऱ्यासाठी वरच्या स्तराची चाचणी झालेली असावी. हे मागितल्यावर व्हेंडर गोंधळला तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

पण ही चाचणी पॅनेलची झाली. पॅनेल ज्यावर उभं आहे त्या लोखंडाचं काय? किनाऱ्यावर सगळ्यात आधी सडतं ते स्ट्रक्चर, आणि त्यातही नट-बोल्ट. स्वस्त कोटेशन स्वस्त होतं ते बहुधा इथेच. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) स्ट्रक्चर, जस्ताचा थर सरासरी ८० मायक्रॉन, असं लिहून घ्या. नुसतं 'जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) स्ट्रक्चर' लिहिलं असेल तर बाजारात मिळणारा पातळ थराचा पाइपही त्यात बसतो आणि तो आपल्याकडे तीन-चार पावसाळ्यांत तांबडा होतो. साइटवर पाइप कापला किंवा छिद्र पाडलं की तिथला जस्त गेला. त्या टोकांना झिंकचा लेप लावायलाच हवा. बोल्ट स्टेनलेसचे, आणि इतक्या जवळच्या घराला ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे. सगळ्या सिस्टीमच्या बोल्टांत फरक पडून पडून किती, थोडक्या हजारांचा. तरी यावर कोणी खर्च करायला तयार नसतं, पॅनेलचा ब्रँड मात्र तासभर घासाघीस करून ठरवतात. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकून खाऱ्या ओलाव्यात राहिले तर सांध्यावर गंज जोरात चढतो, म्हणून मध्ये रबराची किंवा योग्य वॉशरची फट हवी.

स्ट्रक्चरची वॉरंटी पॅनेल कंपनी देत नाही, व्हेंडर देतो. 'गंजासह पाच वर्षे' हे शब्द कागदावर असू द्या. 'गंज' हा शब्द नसेल तर पुढे 'हवामानामुळे झालेलं नुकसान' म्हणून हात वर होतात.

वादळाचं तर सरळच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर जी छपरं पाहिली त्यांत पॅनेलचा दोष असा नव्हताच. क्लॅम्प सुटले होते, स्ट्रक्चरचे पाय स्लॅबमध्ये नीट रोवलेले नव्हते, किंवा आख्खा माड येऊन पडला होता. नैसर्गिक आपत्ती सगळ्याच वॉरंट्यांतून वगळलेली असते. वीज पडणं त्यातच, नारळ पडणं, झावळ पडणं त्यातच, आणि वानरांच्या टोळीने पॅनेलवर उड्या मारणं तर त्यातच. (वानराने फोडलेलं पॅनेल वॉरंटीत बदलून द्या म्हणणारे फोन दर वर्षी येतात. वानराला कंपनी जबाबदार नाही, हे सांगितलं की लोक माझ्यावरच रागावतात.) या सगळ्याला उपाय विम्याचा. घरासाठीची 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात; तिच्यात घराच्या इमारतीचा भाग म्हणून सोलर पॅनेल धरता येतात आणि वादळ, वीज ही जोखीम येते. विम्याची रक्कम ठरवताना सिस्टीमची किंमत त्यात मिळवली आहे ना, हे एजंटकडून लिहून घ्या. पॅनेलच्या डोक्यावर येणारा माड मात्र आधीच बघा. सावलीनेही उत्पादन जातं आणि नारळानेही.

इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र, हा सगळ्यात आधी बिघडणारा मोठा भाग. पंचवीस वर्षांत तो किमान एकदा बदलावा लागेल, असा हिशेब आधीच धरून चाला. त्याची वॉरंटी पाच ते दहा वर्षांची असते. काही कंपन्या मूळ मुदत कमी ठेवतात आणि बसवल्यावर ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच ती वाढवून देतात. ही नोंदणी व्हेंडरने करायची असते, तो विसरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदणीचा ईमेल तुमच्या पत्त्यावर आला पाहिजे, व्हेंडरच्या नव्हे.

इन्व्हर्टरच्या वॉरंटीत महत्त्वाचं काय, तर 'बदलून देऊ' म्हणजे कोण काढणार, कुठे पाठवणार, किती दिवस लागणार. बहुतेक सर्व्हिस सेंटर मुंबई-पुण्याला. काढणं-लावणं आणि वाहतूक वॉरंटीत आहे का, आणि तोवर पर्यायी इन्व्हर्टर मिळेल का, हे विचारा. मार्च-एप्रिलच्या ऐन उन्हात तीन आठवडे सिस्टीम बंद राहिली तर रोजची बारा-तेरा युनिटं हातची गेली आणि ती कोणी भरून देत नाही.

तो कुठे लावलाय यावरही वॉरंटी टिकणं-न टिकणं अवलंबून असतं. समुद्राकडच्या उघड्या भिंतीवर, पत्र्याखाली तापणाऱ्या जागी किंवा पागोळीचं पाणी उडेल तिथे लावू नका. बॉक्सवर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी केबल शिरते तिथलं ग्लँड सैल राहिलं तर मुंग्या, पाली आणि ओल तिन्ही आत जातात. आत पालीचा सांगाडा निघाला की कंपनीचा इंजिनियर फोटो काढतो आणि दावा तिथेच संपतो.

आकाशातल्या विजेच्या धक्क्यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की इन्व्हर्टर जाण्याचे फोनही सुरू होतात. सर्जमुळे, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीमुळे, जळालेला इन्व्हर्टर वॉरंटीत बसत नाही, किंवा अर्थिंग आणि एसपीडी (अशी उसळी अडवणारं उपकरण) नियमाप्रमाणे होते हे दाखवल्यावरच बसतो. आपली अडचण अशी की आपल्या सड्यावर खाली जांभा आहे. जांभा मार्चनंतर कोरडाठाक होतो आणि अर्थिंगचा रोध चढतो. जुलैत चिखल असताना मोजलेला अर्थिंगचा आकडा सुंदर येतो, मे महिन्यात त्याच खड्ड्याचा आकडा मोजून बघा. म्हणून डीसीला, एसीला आणि लाइटनिंग अरेस्टरला (छपरावरच्या वीजरोधकाला) अशी तीन वेगळी अर्थिंगं, शक्य तितकी खोल, भरावाची पावडर घातलेली, आणि मोजणी उन्हाळ्यात. मोजणीचा कागद तारखेसह फाइलला लावा. पुढे दावा करताना नेमका तोच मागतात.

बिघाड नसतानाही वॉरंटीचा वाद होतो, तो महावितरणच्या लाइनमुळे. लाइट गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी. लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीत दुपारी व्होल्टेज वर चढलं तरी तो बंद पडतो. हा इन्व्हर्टरचा दोष नाही आणि वॉरंटीही लागत नाही. ॲपवरच्या एरर कोडचा आणि व्होल्टेजचा स्क्रीनशॉट घेऊन महावितरणच्या उपविभागात लेखी तक्रार द्यायची.

आता तिसरा शब्द देणारा, म्हणजे बसवणारा. पीएम सूर्यघर योजनेतून घेत असाल (तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पॅनेल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलची लागतात) तर व्हेंडरवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी येते आणि तसा करार होतो. हा करार लोक न वाचता सही करून देतात. त्यात वर्षातून किती भेटी, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, पॅनेल धुणं त्यात आहे की नाही, हे भरून घ्या. माझं मत विचाराल तर तुमच्या तिन्ही कोटेशनांत सगळ्यात जास्त वजन याला द्या. पॅनेलची कंपनी दूर आहे. दावा तिच्यापर्यंत पोचवणारा हाच माणूस. तो चिपळूण-गुहागर परिसरातला आहे का, पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं किनाऱ्यावरचं छप्पर दाखवतो का? दाखवलं तर जा, आणि पॅनेलकडे बघू नका, खाली वाकून बोल्ट बघा. शक्य असेल तर पाऊस संपल्यावर जा. पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळाचा हिरवा पट्टा असेल, तर देखभालीच्या भेटी कागदावरच झाल्या आहेत असं समजा.

धुण्याबद्दल जाता जाता : पॅनेलवर पाय देऊन चढणं, प्रेशरचा फवारा मारणं, ॲसिड किंवा तारेची घासणी, या सगळ्याने वॉरंटी जाते. पाय दिल्याने काचेला काही दिसत नाही, आत सेलला बारीक तडे जातात. बोअरचं पाणी खारट असेल तर त्याने धुऊन पांढरे डाग बसतात. साधं गोडं पाणी, मऊ पुसणी, सकाळी लवकर.

कागदांचं म्हणाल तर पॅनेल वर चढण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. नंतर तो स्लॅबकडे तोंड करून राहतो आणि काही वर्षांत अक्षरं उडतात. तेच सिरियल नंबर बिलावर छापलेले हवेत. 'सोलर सिस्टीम ३ किलोवॅट, नग १' अशा बिलावर कुठलाही दावा उभा राहत नाही. वॉरंटी कधीपासून सुरू, तेही बघा : काही ठिकाणी ती बसवल्याच्या तारखेपासून नसते, कारखान्यातून माल निघाल्यापासून ठरावीक महिन्यांनी आपोआप सुरू होते. व्हेंडरकडे वर्षभर पडून असलेला माल स्वस्तात मिळत असेल, तर वॉरंटीचा तेवढा काळ आधीच खर्च झालेला असू शकतो. घर विकलं तर वॉरंटी साधारणपणे नव्या मालकाकडे जाते, पण पॅनेल उतरवून दुसऱ्या घरावर नेली तर बहुधा संपते.

घर वर्षभर बंद आणि मंडळी मुंबईला, असं असेल तर एक जास्तीची काळजी. दोष दिसल्यापासून ठरावीक दिवसांत कळवण्याची अट वॉरंटीत असते. मे संपताना घराला कुलूप लागलं, जूनमध्ये इन्व्हर्टर गेला आणि गणपतीला दार उघडल्यावर कळलं, की तीन महिन्यांचं उत्पादन तर गेलंच, शिवाय 'इतके दिवस काय करत होतात' हा प्रश्न येतो. इन्व्हर्टरच्या मॉनिटरिंगसाठी सिमवर चालणारा डाँगल (इन्व्हर्टरची माहिती ॲपवर पाठवणारी छोटी डबी) घ्या, घराच्या वायफायवर अवलंबून राहू नका. ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर हवं.

बॅटरीची सिस्टीम घ्यायची असेल तर लिथियमची वॉरंटी वर्षं आणि चार्जिंगचे फेरे, दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे थांबते. तुम्ही नेट मीटरवर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) जाताय, त्यामुळे तूर्त त्यात शिरत नाही.

दावा करायची वेळ आलीच तर आधी फोनवर बोलू नका, ईमेल करा : सिरियल नंबर, बिल, फोटो, ॲपचे स्क्रीनशॉट, तारीख. व्हेंडर आणि पॅनेल किंवा इन्व्हर्टरची कंपनी, दोघांनाही एकाच ईमेलमध्ये. उत्तर येत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती व्हेंडरच्या 'पुढच्या आठवड्यात बघतो'मध्ये घालवू नका.

तर तुमची तीन कोटेशनं. तिघांनाही हे व्हॉट्सॲपवर लेखी विचारा : पॅनेलची प्रॉडक्ट वॉरंटी किती वर्षं आणि मॉडेलचं मॅन्युअल, समुद्रापासून तीनशे मीटरवर वॉरंटी लागू राहील का, स्ट्रक्चरचा मायक्रॉन, बोल्टचा ग्रेड आणि गंजाची वॉरंटी, इन्व्हर्टर बदलताना काढणं-लावणं आणि वाहतूक कोणाची. ज्याचं उत्तर 'काळजी करू नका साहेब' असं येईल त्याला बाजूला काढा, तो कितीही स्वस्त असला तरी. उरलेल्यांत किंमत पाडून मागायला काहीच हरकत नाही. आणि दहा टक्के रक्कम नेट मीटर लागून, सिरियल नंबरचं बिल आणि इन्व्हर्टरच्या नोंदणीचा ईमेल हातात येईपर्यंत देऊ नका.